नवी वाट टांगण्याआधी

काईन हे स्पेनच्या उत्तरेकडच्या लेओन प्रांतातलं एका टोकाचं गाव. तिथं गाडीरस्ता संपतो. गावाच्या खालच्या अंगाला कारेस नदीवर छोटा बंधारा आहे आणि तिथं पाण्याची फारकत होते. थोडं पाणी पात्रातून उड्या मारत दरीत उतरतं, उरलेलं सिमेंटच्या कालव्यात शिरतं आणि कड्याच्या पोटातून निमूट चालू लागतं. बंधारा ओलांडला की पायवाटही बोगद्यांत घुसते. छत खाली आलेलं, वरून पाणी ठिबकतंय, मधूनच दगडात फोडलेल्या खिडकीतून समोरचा कडा दिसतो. बोगदे संपले की पुढे वाटेच्या दुसऱ्या टोकाच्या पोन्सेबोस या वस्तीपर्यंत एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला पोकळी. सगळी मिळून सुमारे बारा किलोमीटरची वाट. रुंदी दीड मीटरच्या आसपास. कठडा जवळजवळ कुठंच नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी या वाटेनं निघाले होते. रात्री पाऊस झालेला. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर केशरी जाकीट घातलेला एक माणूस दिसला. हातात फावडं. रात्री वरून सुटून आलेले दगड तो एका जागी ओढत होता. नारळाएवढे, काही त्याहून मोठे. ढीग झाला की तो कडेला जायचा, खाली वाकून बघायचा, दोन बोटं तोंडात घालून लांबलचक शीळ घालायचा, थोडं थांबायचा आणि मगच दगड खाली लोटायचा. मी थांबले तसं त्यानं हातानं 'जा' अशी खूण केली आणि पुन्हा कामाला लागला. पुढे तासभर चालताना वाट कशी स्वच्छ आहे, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. तोवर मी तिला निसर्गाची देणगी समजत होते.

ही वाट मुळात फिरायला केलेलीच नाही. 1916 ते 1921 या काळात एका वीज कंपनीनं काईनपासून पोन्सेबोसजवळच्या वीजघरापर्यंत हा कालवा खोदला. माणसं दोरांना लटकून सुरुंग लावत होती, आणि त्या कामात काहींचा जीव गेला. कालवा झाला, पण त्याची देखभाल करायला धड वाट नव्हती. आज आपण चालतो ती वाट 1945 ते 1950 दरम्यान कड्यात कोरली गेली. कालव्यात दगड अडकला, भेग पडली, झरोका तुंबला तर माणसाला तिथवर पोचता यावं, एवढाच तिचा हेतू. आजही पाणी वाहतं, वीज तयार होते, म्हणून कुणीतरी पावसानंतरच्या सकाळी फावडं घेऊन येतं. दुसरंही एक आहे. काईन आणि पोन्सेबोस यांच्यात पायवाटेनं बारा किलोमीटर अंतर आहे, पण गाडीनं जायचं तर डोंगरांना वळसा घालत शंभरेक किलोमीटर. डोंगरातल्या माणसाला या वाटेचं मोल कळायला पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकाची गरज नव्हती.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की आज स्पेनच्या खेड्यापाड्यांत नद्यांच्या दऱ्यांवर एक वेगळीच धांदल चालू आहे. कड्यांना लोखंडी खिळे ठोकून त्यावर जाळीच्या किंवा लाकडी फळ्यांच्या पायवाटा टांगायच्या, दरीवर लटकता पूल घालायचा, एखादी काचेच्या तळाची गच्ची काढायची, तिकीट लावायचं आणि गाव पर्यटनाच्या नकाशावर आलं म्हणायचं. 'पासारेला' हा त्यांचा शब्द. त्याचा साधा अर्थ आहे साकव, ओलांडायची फळी. गेल्या दहा वर्षांत तो शब्द ग्रामविकासाचा मंत्र झाला आहे. मला हे चुकतंय असं वाटतं, आणि ज्या देशात मी इतकी पायपीट केली, इतक्या प्रेमानं केली, त्या देशाबद्दल हे म्हणताना मला बरं वाटत नाही.

या धांदलीची सुरुवात एका खरोखर चांगल्या कामातून झाली, हे आधी मान्य करायला हवं. दक्षिणेत मालागा प्रांतात ग्वादलोर्से नदी लोस गायतानेसच्या अरुंद घळीतून जाते. 1901 ते 1905 दरम्यान तिथल्या जलविद्युत कंपनीनं दोन धबधब्यांच्या मधलं अंतर कामगारांना पार करता यावं, सामान नेता यावं म्हणून कड्यावर सिमेंटची एक चिंचोळी वाट बसवली. 1921 मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनाला आला, त्या वाटेवरून चालला, आणि तिचं नाव पडलं 'कामिनितो देल रेय', राजाची छोटी वाट. पुढे देखभाल थांबली. सिमेंट गळून नुसते गंजलेले रूळ उरले. साहसी तरुण तरीही जात राहिले. 1999 आणि 2000 मध्ये काही जण पडून मेले, तेव्हा सरकारनं टोकांकडची वाट तोडून तो रस्ता बंद केला. मग मालागा जिल्हा परिषदेनं पैसा घातला आणि मार्च 2015 मध्ये जुन्या वाटेच्या वर नवी, मजबूत वाट उघडली. पूर्ण मार्ग 7.7 किलोमीटरचा, त्यातला 2.9 किलोमीटर टांगलेला. नदी खाली शंभरेक मीटरवर.

मी तिथंही चालले आहे आणि ते काम मनापासून केलेलं आहे. नव्या फळ्यांमधून खाली बघितलं की जुन्या वाटेचे लचके तुटलेले तुकडे दिसतात. ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत. डोक्यावर हेल्मेट सक्तीचं. एकाच दिशेनं चालायचं, उत्तरेकडून दक्षिणेकडे. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. दिवसाला किती जणांना सोडायचं याला मर्यादा आहे, नाव आधी नोंदवावं लागतं, तिकीट 10 युरो. वर्षाकाठी तीन लाखांच्या आसपास माणसं येतात. आर्दालेस, आलोरा, एल चोरो या गावांत खानावळी उघडल्या, खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, दोन टोकांच्या मध्ये बस सुरू झाली. ज्यांनी हे केलं त्यांचं कौतुकच आहे.

पण या यशातून बाकीच्या गावांनी जो धडा घेतला तो मला उलटा वाटतो. कामिनितो चाललं कारण तिथं आधीपासून वाट होती, तिला शंभर वर्षांचा इतिहास होता, तिच्यावर माणसं जात होती आणि मरत होती. म्हणजे प्रश्न खरा होता. शिवाय कोस्ता देल सोलचा गजबजलेला किनारा आणि मालागाचा विमानतळ तासाभराच्या अंतरावर. समुद्रावर आठवडा काढायला आलेल्या माणसाला एक दिवस डोंगरात घालवायला ही जागा सोयीची पडते. ते गणित आतल्या भागातल्या, तालुक्याच्या गावापासूनही लांब असलेल्या एखाद्या नगरपालिकेला कसं लागू पडेल? तरी करोनानंतर युरोपीय संघाच्या पुनरुज्जीवन निधीतून शाश्वत पर्यटनाच्या नावानं पैसा आला आणि आलिकांतेपासून तेरुएलपर्यंत दऱ्यांत ड्रिल मशीन घरघरायला लागली. कुणाचा पूल सगळ्यात लांब, कुणाची वाट सगळ्यात उंच, याची शर्यत आहे. या शर्यतीत प्रत्येक विक्रम दोन वर्षांत शिळा होतो. आणि आपल्या गावाचं जे खास होतं ते त्यात हरवतं, कारण जाळीवरून चालताना सगळ्या दऱ्या सारख्याच दिसायला लागतात.

माझा मुख्य मुद्दा देखभालीचा आहे.

चुनखडीचा कडा स्थिर दिसतो, पण तो रोज थोडा थोडा सुटत असतो. हिवाळ्यात फटीत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, फट रुंदावते. वसंतात बर्फ वितळलं की सैल झालेले दगड खाली येतात. त्यात शरद ऋतूत भूमध्य समुद्राच्या बाजूला जो पाऊस पडतो तो तासाभरात ओढ्याची नदी करतो. वालेंसिया प्रांतातल्या चुलिया गावाजवळ तुरिया नदीच्या घळीत एक वाट आहे, 'पांतानेरोंची वाट'. पांतानेरो म्हणजे धरणावर कामाला जाणारी माणसं. लोरिगिया धरणाचं बांधकाम चालू असताना गावकरी याच वाटेनं कामावर जात. त्यांचा पूल 1957 च्या महापुरात गेला. तिथले लटकते पूल 2013 साली पुन्हा बांधले गेले. नदी असले हिशेब पन्नास-साठ वर्षांनी चुकते करते, आणि नगरपालिकेची मुदत असते चार वर्षांची.

कड्यात ठोकलेला प्रत्येक खिळा दर वर्षी तपासावा लागतो. त्यासाठी दोरावर काम करणारे तंत्रज्ञ लागतात, वरच्या कड्यावरचे सैल दगड पाडावे लागतात, जाळ्या बदलाव्या लागतात, विमा काढावा लागतो. स्पेनमध्ये आठ हजारांहून जास्त नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या सुमारे पाच हजारांत हजार माणसंही राहत नाहीत. अशा गावांत बरेचदा नगरपालिकेचा सचिव हा एकच सरकारी माणूस, तोही तीन-चार गावांत वाटलेला, आठवड्यातून एक दिवस येणारा. त्या गावाला बांधकामासाठी लाखो युरो मिळतात, कारण बांधकामाला अनुदान असतं, फीत कापायची असते, फोटो छापायचा असतो. दहाव्या वर्षी गंजलेला बोल्ट बदलायला अनुदान नसतं. कारेसच्या वाटेवर तो फावडंवाला येतो कारण कालव्याला त्याची गरज आहे. पर्यटक आला नाही तरी कालव्याला गरज राहीलच. नव्या टांगलेल्या वाटेला पर्यटकाशिवाय कुणाचीच गरज नसते. पर्यटक दुसऱ्या नव्या पुलाकडे वळले की ती वाट पोरकी होते, आणि मग कामिनितोचं 1999 साल पुन्हा उगवायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट कड्यावरच्या रहिवाशांची. सेगोविया प्रांतात दुरातोन नदीच्या वळणावळणाच्या दऱ्या आहेत, 1989 पासून संरक्षित उद्यान. तिथं ग्रिफॉन गिधाडांच्या शेकडो जोड्या घरटी करतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबवायला दोन महिने जातात आणि पिल्लू उडायला आणखी चार. म्हणून 1 जानेवारी ते 31 जुलै या काळात दरीच्या राखीव पट्ट्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, ना पायी, ना नावेतून. उरलेल्या महिन्यांत जा. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो पक्ष्याच्या दिनदर्शिकेवरून केलेला आहे. टांगलेली वाट मात्र बारा महिने कड्यावरच असते, आणि तिचा खर्च भरून काढायचा तर ती ऐन विणीच्या हंगामात, ईस्टरच्या सुट्टीत, उघडी ठेवावीच लागते. घरट्याच्या उंचीवरून दिवसाला हजार माणसं गेली तर गिधाड काय करेल? घरटं सोडेल. तिथं गाव नवीन वसवता येतं, कडा नवीन करता येत नाही.

गिधाडांबद्दल बोलताना मराठी माणसाचा आवाज जरा चढला तर ते समजून घ्यावं. 1990 च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे आपल्या आकाशातली गिधाडं आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली तोवर उशीर झाला होता. आज कोकणातल्या आणि गडचिरोलीतल्या थोड्या जागा सोडल्या तर महाराष्ट्रातल्या मुलाला गिधाड दाखवायचं कुठं, हा प्रश्न पडतो. युरोपातली नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रिफॉन गिधाडं एकट्या स्पेनमध्ये आहेत. आणि याच स्पेननं 2013 मध्ये तेच औषध जनावरांसाठी वापरायला परवानगी दिली. दुरातोनच्या काठावर उभं राहून, पायाखालून जाणारे ते रुंद तपकिरी पंख बघताना माझ्या घशात आवंढा आला होता. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी तरी जपावं, असं वाटत राहतं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही. स्पेनची खेडी रिकामी होत आहेत. सोरिया प्रांतात दर चौरस किलोमीटरला साधारण नऊ माणसं राहतात. शाळा बंद, दवाखाना आठवड्यातून एकदा, बँकेची शाखा गेली, शेवटचं दुकानही गेलं. 31 मार्च 2019 रोजी अशा 'रिकाम्या केलेल्या स्पेन'ची हजारो माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली होती. त्यांनी तो शब्द विचार करून निवडला होता: रिकामी 'झालेली' म्हणत नव्हते, 'केलेली' म्हणत होते. अशा गावाच्या महापौराला कुणी म्हणालं की दरीत वाट टांगा, वर्षाला पन्नास हजार माणसं येतील, तर तो कसा नाही म्हणेल? त्याला मी दोष देत नाही. बुडत्याला काडीचा आधार.

पण ती काडीच आहे, हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं. टांगलेली वाट दोन-तीन तासांत चालून होते. माणूस सकाळी शहरातून गाडीनं येतो, पाठपिशवीत शहरातूनच आणलेली सँडविच खातो, चालतो, फोटो काढतो, एक कॉफी पितो आणि संध्याकाळी घरी जातो. शनिवार-रविवारी गाव गाड्यांनी भरतं, मंगळवारी पुन्हा सुनं. या हिशेबानं वाढप्याची हंगामी नोकरी मिळते, शाळेत जाणारं मूल मिळत नाही. उलट घरं सुट्टीसाठी भाड्यानं द्यायला लागली की गावात राहू इच्छिणाऱ्या तरुण जोडप्याला खोली मिळेनाशी होते. वाट आली म्हणून गावात वर्षभर राहणाऱ्यांचा आकडा वाढला, असं एक तरी गाव दाखवा, असा प्रश्न प्रत्येक अनुदानाच्या अर्जाला विचारला गेला पाहिजे.

गावासाठी खरोखर काय करता येतं, याचं उदाहरण पोन्सेबोसलाच आहे. तिथून वर बुल्नेस नावाचं गाव आहे. कित्येक वर्षं तिथं जायला खेचरांच्या चढणीच्या वाटेशिवाय काही नव्हतं. आजारी माणसाला खाली आणायचं तर खांद्यावरून. 2001 मध्ये डोंगर पोखरून सव्वादोन किलोमीटरच्या बोगद्यातून रुळांवर चालणारी फ्युनिक्युलर सुरू झाली. गावकऱ्यांना ती फुकट आहे, पर्यटकाला चांगले पैसे मोजावे लागतात. डोंगर पोखरणं बरोबर होतं का, यावर त्या वेळी जोराचे वाद झाले आणि ते वाद मला समजतात. पण तिथला क्रम मला पटतो. आधी गावाची गरज, मग त्या गरजेवर पर्यटकानं स्वार व्हावं आणि भाडं भरावं. खेचरांची जुनी वाटही अजून आहे. ज्याला पायांवर भरवसा आहे तो तिनं चढतो.

'मग काय सगळ्या दऱ्या धट्ट्याकट्ट्या तरुणांसाठीच ठेवायच्या?' हा प्रश्न मला एका मैत्रिणीनं विचारला. तिचे वडील चाकाच्या खुर्चीत आहेत. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर स्पेननं स्वतःच देऊन ठेवलं आहे. 1993 पासून तिथं बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या 'हिरव्या वाटा' करायचा कार्यक्रम चालू आहे. आज अशा तीन हजार किलोमीटरहून जास्त वाटा आहेत. रेल्वेला चढ चालत नाही, म्हणून त्या वाटा सपाट. रेल्वेनं घळी ओलांडल्या, म्हणून त्या वाटाही घळीतून जातात. अस्तुरियासमधली 'अस्वलाची वाट' तर खाणीतून कोळसा आणि लोखंड नेणाऱ्या छोट्या गाडीच्या जुन्या मार्गावर आहे, नदीच्या अरुंद घळीतून, बोगद्यांतून. सायकली, बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या सगळं तिथं चालतं. वाटेत प्रोआसाजवळ पाका आणि तोला या दोन अस्वलींसाठी मोठं कुंपण केलं होतं. 1989 मध्ये शिकाऱ्यानं आई मारल्यामुळे त्या पिल्लं असतानाच अनाथ झाल्या होत्या. त्या वाटेला त्यांच्यामुळे नाव आणि जीव दोन्ही मिळालं. मैत्रिणीच्या वडिलांना दरी दाखवायची तर मी त्यांना तिथं नेईन. जाळीच्या पायऱ्यांवर आणि लटकत्या पुलांवर चाकाची खुर्ची तशीही जात नाही. तेव्हा टांगलेल्या वाटांचं समर्थन त्या माणसाच्या नावानं करू नये.

तिकिटाबद्दल माझं मत बदलत गेलं आहे. सुरुवातीला डोंगरात चालायला पैसे मागणं मला पाप वाटायचं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ते वाटणारच. स्पेनमध्येही त्याला जुना आधार आहे. 1273 मध्ये राजा दहावा आल्फोन्सो यानं मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघाला मान्यता दिली, आणि त्यांच्या कळपांच्या वाटा आजही कायद्यानं सार्वजनिक मालमत्ता आहेत. 1995 च्या कायद्यानुसार त्या विकता येत नाहीत, त्यांवर कुणाला मालकी सांगता येत नाही. एकूण सव्वा लाख किलोमीटर! युरोपात असा ठेवा क्वचितच कुणाकडे असेल. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीतरी वाटा शेतांत, गोदामांत, रस्त्यांत गडप झाल्या आहेत आणि त्या मोकळ्या करायला पैसा नाही असं उत्तर मिळतं. दरीत नवी जाळी टांगायला तो मिळतो.

पण काताळोनिया आणि आरागोनच्या सीमेवर मोंत-रेबेईच्या दरीत गेले आणि माझा हट्ट सैल झाला. नोगेरा रिबागोर्साना नदीच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरचे कडे, कुठं कुठं मधलं अंतर वीस मीटर. या दरीतून रस्ता, रेल्वे किंवा विजेची तार गेलेली नाही. 1924 मध्ये केलेली जुनी वाट धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणून तिच्या वर खडकात दुसरी कोरली, आणि हाताला धरायला तार लावली. एका प्रतिष्ठाननं 1999 मध्ये तिथली जमीन विकत घेतली. आता गाडी लावायला आधी नोंदणी करावी लागते, पैसे भरावे लागतात, आणि जागा संपली की संपली. चालायला पैसे घेत नाहीत, गाडीला घेतात. हा फरक मला मोलाचा वाटतो. दरीला ओझं होतं ते गाड्यांच्या रांगेचं. जवळच्या गावातून चालत येणाऱ्या म्हातारीला कुणी अडवत नाही. अरुंद दरीत माणसांची संख्या मोजावीच लागेल, हे मी आता मानते. फक्त मोजणारा कोण आणि जमलेला पैसा कुठं जातो, हे गावाच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात व्यापारासाठी खोदला गेला. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे. आपल्या बहुतेक घाटवाटा अशाच बाजाराच्या, लग्नाच्या, दुधाच्या वाटा होत्या, आणि त्या वापरणारी माणसं गाव सोडून गेली तशा काटेरी झुडपांत गेल्या. सांधण दरीत शनिवारी रांग लागते, पावसाळा आला की धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघतो, आणि मधल्या काळात कुठं तरी रेलिंग, कुठं काचेचा पूल यांच्या घोषणा होतात. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात नोंदणी, शुल्क आणि आसपासच्या गावांची समिती अशी घडी बसवायचा प्रयत्न झाला. तिच्यात दोष असतील, पण तिथं पैसा आणि काम गावाच्या हातात ठेवायचा विचार तरी आहे. स्पेनकडून आपण काही उचलायचं असेल तर ते दुरातोनचं वेळापत्रक उचलावं.

स्पेनच्या प्रादेशिक सरकारांकडे माझं मागणं साधं आहे. दरीत नवं बांधकाम करायला जेवढे पैसे देता, त्यातले निम्मे आधी जुन्या वाटांवर पगारी माणसं ठेवायला द्या. आज तिथल्या बऱ्याच वाटांवरच्या पांढऱ्या-पिवळ्या आणि पांढऱ्या-लाल खुणा गिर्यारोहण संघांचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी डबा-ब्रश घेऊन रंगवतात. त्यांचे उपकार आहेतच, पण एवढ्या वाटा उपकारांवर चालणार नाहीत. एका दरीला वर्षभर दोन माणसं: दगड काढायला, पायऱ्या बसवायला, झुडपं छाटायला, गिधाडांची घरटी मोजायला, पूर येणार असेल तर वाट बंद करायला. ती माणसं गावात राहतील, त्यांची मुलं गावातल्या शाळेत जातील. दोन पोरं वाढली म्हणून शाळा वाचल्याचं मी अशा गावांत ऐकलं आहे. सोबत एक बस द्या. कारेसची वाट एका टोकाला सुरू होते, दुसऱ्या टोकाला संपते, आणि परत यायला चोवीस किलोमीटरची पायपीट किंवा शंभर किलोमीटरची टॅक्सी. हंगामाबाहेरही फिरणारी एक बस असेल तर माणूस काईनला मुक्काम करेल, तिथलं चीज विकत घेईल, रात्रीचं जेवेल. पोन्सेबोसकडच्या काब्रालेस भागातलं निळसर चीज चुनखडीच्या गुहांत महिनोन् महिने मुरतं. त्यामागे उन्हाळ्यात डोंगरावर वस्ती करून राहणारे, आपल्या धनगरांसारखे मेंढपाळ आहेत, आणि तेही दर वर्षी कमी होत आहेत. डोंगरातल्या अर्ध्या वाटा त्यांच्या जनावरांच्या खुरांनी उघड्या ठेवल्या आहेत. त्यांना दिलेला पैसा हा वाटेलाच दिलेला पैसा आहे.

आणि जिथं कधीच वाट नव्हती तिथं ती नको. दरीच्या काठावर उभं राहून खाली बघता येतं, तेवढं बस आहे. प्रत्येक कड्याच्या छातीवरून चालता आलंच पाहिजे, असा हक्क कुणाला कुणी दिला?

त्या दिवशी मी पोन्सेबोसपर्यंत गेले नाही. गुडघा दुखायला लागला म्हणून अर्ध्यातून परत फिरले. पुन्हा काईनच्या बाजूला येताना एका वळणावर दोन शेळ्या वाट अडवून बसल्या होत्या. एकीनं माझ्या पाठपिशवीच्या कप्प्यात तोंड घातलं आणि पोळीचा तुकडा घेऊन कड्यावर चढली, जिथं मला हातही टेकवता आला नसता. ती जिथून चढली तिथून बारीक खडी सुटली, टपटप वाटेवर आली आणि थोडी कालव्यात पडली. केशरी जाकीटवाला आता पुढच्या बोगद्याच्या तोंडाशी डबा उघडून बसला होता. फावडं भिंतीला टेकवलेलं. त्यानं सकाळी झाडलेल्या जागी चार-पाच नवे दगड आले होते.